रिकामी सम

परीक्षकाला चहा फार पाजतात. एप्रिल लागला की मी या कॉलेजातून त्या कॉलेजात संगीताच्या प्रात्यक्षिक परीक्षा घेत हिंडते आणि कुठेही गेले तरी खुर्चीला पाठ टेकायच्या आत चहा पुढ्यात येतो. बाहेर झळा मारत असतात, कुत्री नळाखालच्या ओलीत पोट टेकून पडलेली असतात आणि आत माझ्यासाठी वाफाळता चहा, सोबत समोसे. समोर गायला बसलेल्या पोरीचा घसा भीतीनं वाळून गेलेला असतो. तिला पाणी कोणी विचारत नाही. मी समोसा मोडत तिला म्हणते, ‘हं, तुमची स्वतःची रचना ऐकवा.’ ती ऐकवते. मी मध्येच हात वर करते. त्याचंही एक तंत्र आहे. पोरगी सगळ्यात चांगल्या जागेवर पोचायच्या किंचित आधी हात वर करायचा, म्हणजे पुढचं सगळं ती आपोआप विसरते.

मुलं मला मागं ‘कैंची मॅडम’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. नाव मला आवडतंही. खोटं कशाला बोलू?

या मोसमाचा स्वभावच निर्दय. जबलपूरच्या एप्रिलात सकाळी आठालाच भिंत हाताला गरम लागते. शहपुऱ्याकडून येणाऱ्या बसच्या टपावर मोहाच्या फुलांची पोती असतात, आणि बस थांबली की तो गोड, आंबूस वास अख्ख्या स्टँडवर पसरतो. ज्याचं पोट रिकामं असेल त्याला मळमळतं. तिलवाऱ्याच्या पुलाखाली नर्मदा अंग चोरून एका कडेनं वाहते आणि उघड्या पडलेल्या रेतीत काकड्या, टरबुजांचे वेल माजतात. त्या काकड्या मीठ लावून विकणाऱ्या बायका विद्यापीठाच्या फाटकाशी बसतात. आत आम्ही गाणारे लोक त्यांच्याकडं बघतसुद्धा नाही. काकडीनं घसा धरतो, बर्फानं बसतो, लिंबानं फाटतो. परीक्षेच्या महिन्यात गाणाऱ्याला फक्त कोमट पाणी आणि दुसऱ्याचा हेवा, एवढंच पचतं.

तबलासुद्धा या हवेत माणसासारखा वागतो. कोरड्या झळांनी त्याची कातडी पुडी ताठरते आणि सूर आपोआप चढत जातो. गवई खाली राहतो, तबला वर निघतो, मग हातोडी घेऊन ठोकठोक. परीक्षेच्या खोल्यांतून गाण्यापेक्षा ही ठोकठोकच जास्त ऐकू येते. परवा एका कॉलेजात चहा घेताना पलीकडच्या खोलीत ती सुरू झाली आणि माझा घोट तसाच तोंडात राहिला. वीस-बावीस वर्षं झाली त्या एप्रिलला. अजून तो आवाज आला की पहिल्यांदा आठवते ती वैशाली. पाठीमागून दिसणारी. दोन वेण्या एकात गुंफलेली, मानेवर घामाचा एक थेंब, आणि तिच्या मागं तंबोरा धरून बसलेली मी.

आम्ही एम.ए.ला सहा जण होतो. रचना नावाचा पेपर होता. रचना म्हणजे बंदिश बांधायची: शब्द आपले, चाल आपली, राग आणि ताल पूर्वजांचे. बाहेरच्यांना वाटतं, संगीताच्या वर्गात सगळे डोळे मिटून डोलत असतील. आमच्या वर्गात डोळे मिटायची कोणाची छाती नव्हती. सर समोर बसलेले असत.

सर घरी मराठी, पण वर्गात हिंदीच बोलत. ते कधी ओरडले नाहीत. ओरडणारा मास्तर परवडला. आमच्यातल्या एकानं महिनाभर खपून एक बंदिश आणली, अंतऱ्यासकट गाऊन दाखवली. सरांनी सगळी शांतपणे ऐकली आणि विचारलं, ‘बेटा, घर में दुकान है न? कैसी चलती है?’ बस, एवढंच. दिवाळीनंतर तो वर्गात दिसला नाही. माझ्या भीमपलासीवर ते म्हणाले होते, ‘हं. यह मैंने सुना है. बहुत बार सुना है.’ मी वहीत मान घालून हसले होते, कारण रडण्यापेक्षा ते सोपं होतं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नव्हतं. माझ्या चाली कुठून उचललेल्या नसत, पण त्या कुणाच्याही असू शकल्या असत्या.

सरांचा एक नियम होता. तो मी दुसऱ्या कुठल्या विभागात पाहिला नाही. आपली बंदिश आपण लिहायची नाही. स्वरलिपी, म्हणजे कुठल्या मात्रेवर कुठला शब्द आणि कुठला सूर हा सगळा हिशोब, दुसऱ्यानं ऐकून लिहायचा. सर म्हणत, बांधणारा जे गायचं होतं ते लिहितो, ऐकणारा जे गायलं ते लिहितो. वर्षाच्या सुरुवातीला जोड्या लावल्या जात. लिहिणाऱ्यानं फाइल पूर्ण करून थेट सरांच्या हातात द्यायची, बांधणाऱ्यानं ती बघायचीसुद्धा नाही. परीक्षेला बाहेरचे परीक्षक ती फाइल पुढ्यात ठेवून ऐकणार. माझी जोडी वैशालीशी लागली. माझं ती लिहिणार, तिचं मी.

वैशाली घमापुरातली. वडील फॅक्टरीत कामाला, आणि संध्याकाळी पेटी घेऊन गाणारे. एप्रिल हा त्यांच्या घरचा मोठा महिना. जयंतीचे कार्यक्रम आठ-दहा दिवस चालत आणि पोरगी बापाच्या शेजारी उभी राहून गात असे. मग बसलेला आवाज घेऊन सकाळी वर्गात येई. सर विचारत, ‘आवाज़ कहाँ छोड़ आई?’ ती सरळ सांगे, ‘मोहल्ले में, सर.’ तिला त्यात लाजण्यासारखं काही वाटत नसे. याचाच मला राग येई.

आमचं घर जुनं. मराठ्यांच्या चाकरीत कुणीतरी पूर्वज इकडं आला आणि राहून गेला, असं सांगतात. घरात एक तंबोरा होता आणि तंबोऱ्यापेक्षा त्याचा गर्व मोठा होता. वैशाली लिहिण्या-गाण्यासाठी आमच्याकडं आली की आई तिचं कौतुक करी. खायला घाली, गायला लावी आणि वर म्हणे, ‘तुमच्यातलं एखादं म्हण गं, ते छान असतं.’ ती गेल्यावर माझ्याकडं वळून म्हणे, ‘त्यांच्यात गळा असतोच. शास्त्र वेगळं.’ मी आईला कधी टोकलं नाही. ते वाक्य मला उशीसारखं होतं. वैशाली गायची आणि मी त्यावर डोकं टेकायचे.

कारण गायची ती तशी. पण लिहायला हळू होती. स्वरलिपीच्या चौकटी बघितल्या की कपाळाला आठ्या पडत. माझी बंदिश लिहिताना शंभरदा विचारी, ‘अनघा, इथं गांधार लांबवून राहिली का तू, की थकली म्हणून राहून गेला?’ मी चिडून म्हणे, ‘लांबवला.’ ती मान हलवून लिहून घेई. तिनं माझं एक अक्षर सुधारलं नाही की बिघडवलं नाही. जे होतं ते लिहिलं; पुढं विभागाच्या कपाटात ती फाइल सापडली तेव्हा वाचताना माझी बंदिश जेवढी सामान्य होती तेवढीच दिसली.

त्या वर्षी परीक्षेच्या आधी सरांनी शेवटचं काम दिलं. नदीवर बंदिश बांधा, पण नदीचं नाव नको, पाणी हा शब्दही नको. आम्ही सगळे बसनं तिलवाऱ्याला गेलो. भर दुपार. घाटाच्या दगडांवर पाय ठेवता येत नव्हता. बाकीच्यांनी झाडाखाली बसून लाटा, किनारा, प्रीतम वगैरे नेहमीचं सामान काढलं. वैशाली चपला घालून रेतीच्या टोकापर्यंत गेली आणि तिथं उभी राहिली. पैलतीरावर एक म्हातारा आणि त्याची बकरी, नावेची वाट बघत बसलेले. ती परत आली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं तांबूस झाला होता.

‘झालं,’ ती म्हणाली.

‘काय झालं?’

‘ऐक नं.’ आणि दगडावर बोटानं ताल धरून ती वृंदावनी सारंगात गायली. घाट तपे, रेत तपे. आठ अक्षरं, चक्राच्या मधूनच उचललेल्या आठ मात्रा, तापल्या रेतीवर भराभर पावलं टाकावीत तशी. मग सम आली. सोळा मात्रांचं चक्र फिरून पुन्हा जी पहिली मात्रा येते ती सम. तिथं बंदिशीचा मुख्य शब्द पडतो, गाणारा आणि ऐकणारा दोघांची मान तिथं एकदम हलते. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात की काहीही चुको, सम चुकू नये. वैशालीची सम आली आणि तिथं काहीच नव्हतं. एक मात्रा नुसती उघडी. मग, उशिरानं, रिषभावर, हलकेच: नाव न आई.

‘समेवर काही नाही ठेवलं,’ ती म्हणाली. ‘नाव आलीच नाही नं. मग तिथं काय ठेवणार?’

मी म्हटलं, ‘बरं आहे.’ माझ्या दंडांवर काटा आला होता, तो मी ओढणीनं झाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं ती वर्गात गायली. सर मांडीवर ताल देत होते. समेवर त्यांचा हात खाली यायचा तो यायचा राहिला, हवेतच थांबला. त्यांनी पुन्हा गायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. दोन वर्षांत त्यांनी कोणाला काही दुसऱ्यांदा गायला सांगितलं नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, ‘लिखवा लो.’ तबल्यावर दुबेजी होते, म्हातारे, कधी न बोलणारे; त्यांनी तबल्यावरची पावडर झटकत मान डोलावली. वर्गात बसून दोन वर्षं मी ज्याची वाट बघितली ते सगळं एका दुपारी दुसऱ्या कुणाला मिळताना पाहिलं.

त्या वर्षी विभागात अतिथी विद्वानाची, म्हणजे तात्पुरत्या व्याख्यात्याची, एक जागा निघणार होती. पहिल्या येणाऱ्याला ती मिळणार हे सगळ्यांना माहीत होतं. जागा एक. चुरस आम्हा दोघींतच. ती गाण्यात पुढं, मी लेखीत. वैशालीला ती जागा मिळाली असती तर ती आयुष्यभर बंदिशी बांधत बसली असती, तिला दुसरं काही येतही नव्हतं आणि नकोही होतं. मला जागा हवी होती. गाणं हवं होतं का, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही.

हल्ली लोक फार लवकर म्हणतात, ‘नकळत झालं.’ माझ्याकडं परीक्षेला आलेली मुलंसुद्धा म्हणतात, मॅडम, नकळत चुकलं. माझं नकळत झालं नाही. मी आधी बरोबर लिहिलं होतं. पेन्सिलीनं. समेच्या चौकटीत रिकामी रेघ, दुसऱ्या चौकटीत ‘ना’, खाली रिषभ. लिहून झाल्यावर बराच वेळ त्या पानाकडं बघत बसले. खोलीत कूलरचा ओलसर खसाचा वास होता, बाहेर कुल्फीवाला घंटी वाजवत उभा होता. मग मी खोडरबर घेतलं आणि ‘नाव’ एक मात्रा अलीकडं आणली. समेवर. पुढचं सगळं त्या हिशोबानं सरकवलं. वरून शाईनं गिरवलं. काम अर्ध्या तासाचं होतं. अडाण्याला ते जमलं नसतं. त्या बंदिशीचा जीव नेमका कुठं आहे ते ज्याला पुरतं समजलं, त्यालाच तो इतक्या सफाईनं काढता येतो. वर्गात तो मला समजला होता. माझ्या हातून संगीतात झालेलं हे सगळ्यात अचूक काम.

परीक्षेच्या दिवशी आम्ही एकमेकांच्या मागं तंबोरा धरायचा, अशी रीत होती. माझ्या मागं ती बसली, तिच्या मागं मी. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते, मोठ्या शहरातले, रुमालानं सारखी मान पुसत होते. इथल्या उन्हाचा राग त्यांना आमच्यावर काढायचा होता, आणि त्यांचंही काय चुकलं. मीही आता तेच करते. शेजारी सर. पुढ्यात फाइल, माझ्या अक्षरातली.

वैशाली गायला लागली. घाट तपे, रेत तपे. सम आली, गेली, आणि मग ‘नाव’ आली. परीक्षकांनी फाइलवर बोट ठेवलं. ‘सम चूक गईं.’

ती थांबली. ‘जी?’

‘फिर से.’

ती पुन्हा गायली, तशीच, अगदी काट्यावर. दुबेजींनी समेवर जोरात धा वाजवला, तिला आधार म्हणून. त्या ‘धा’वर कुणीच आलं नाही, आणि मग ‘नाव’ आली. परीक्षकांनी चष्मा काढला. ‘आप की अपनी रचना है, और आप ही को नहीं मालूम सम कहाँ है? देखिए, क्या लिखा है.’ त्यांनी फाइल तिच्याकडं वळवली.

तिनं वाकून बघितलं. मी मागून तिची मान बघत होते. तंबोऱ्याच्या तारांवर माझी बोटं फिरत होती, ती थांबवायची नसतात. मला वाटलं, आता ती मागं वळेल. आता बोलेल. सर बोलतील. सरांनी ते पान आपल्याकडं ओढलं, बराच वेळ बघितलं, मग खिडकीबाहेर गुलमोहर होता त्याच्याकडं बघायला लागले.

‘जी,’ वैशाली म्हणाली, ‘गलती हो गई.’

‘तो जैसा लिखा है वैसा गाइए.’

तिनं प्रयत्न केला. स्वतःच्याच बंदिशीत ती अडखळली. ‘नाव’ समेवर आणायची तर श्वासाला जागा उरेना. दोनदा तुटली. आवाज आधीच जयंतीनं बसलेला, तिसऱ्यांदा तो फाटला. परीक्षक म्हणाले, ‘रहने दीजिए,’ आणि तबला अजून चढलाय अशी दुबेजींकडं तक्रार करून पुढचं नाव पुकारलं.

बाहेर व्हरांड्यात दुबेजी हातोडी पिशवीत ठेवत होते. माझ्याजवळ आले, हळूच म्हणाले, ‘बिटिया, सम तो ख़ाली ही थी न?’

‘मुझे क्या मालूम,’ मी म्हटलं. ‘जो सुना, वो लिखा.’

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं आणि ‘अच्छा’ म्हणून गेले. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, पण वीस-बावीस वर्षांपूर्वीही ते फारसं कुणाशी बोलत नव्हतेच. ते वारले तेव्हा मी हार घेऊन गेले होते.

वैशाली पायरीवर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले, हेही सांगायला हवं. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, ‘मलाच काहून समजलं नाही गं, इतके दिवस?’ मी म्हटलं, ‘होतं असं परीक्षेत.’ तिनं माझ्या खांद्याला डोकं लावलं. मला त्या वेळी लाज वाटली नाही, सुटल्यासारखं वाटलं. लाज खूप नंतर आली, आणि आली ती नोकरीत कायम झाल्यावर.

मी पहिली आले. ती तिसरी. नोकरीच्या पहिल्या दिवशी सरांनी वाद्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘स्वरलिपि अच्छी लिखती हो.’ पुढं आम्ही सोळा वर्षं एकाच खोलीत बसलो, एकाच डब्यातली लोणची खाल्ली. त्यांनी पुन्हा ती गोष्ट काढली नाही, मीही काढली नाही. एका माणसाला आपलं पाप माहीत आहे आणि तो गप्प आहे, यात एक प्रकारचा संसारच असतो.

मी त्यानंतर एकही बंदिश बांधली नाही. बांधायला बसले की सम समोर येई. दुसऱ्यांच्या मात्र शेकडो तपासल्या. कुणाची सम अर्ध्या मात्रेनं हलली तरी मला कळतं. माझा कान धारदार आहे अशी आसपासच्या चार जिल्ह्यांत ख्याती आहे. वर्षानुवर्षं मी एका तक्रारीची वाट बघितली: वैशाली कधीतरी येईल, विद्यापीठात अर्ज देईल, निदान रस्त्यात गाठून थोबाडीत मारेल. ती सदर बाजारात भेटायची, हसायची, ‘कशी आहे गं?’ म्हणायची. ती वीज खात्याच्या कचेरीत लागली होती. मला वाटायचं, हिला सगळं माहीत आहे, ही मला आतून जाळते आहे. त्या हसण्यामुळं मी दोन दोन दिवस जेवत नसे. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

यंदा होळीनंतर सर गेले. शोकसभेत वैशाली मागच्या रांगेत होती, केस बरेच पिकलेले. जाताना म्हणाली, ‘रविवारी ये नं घरी. मोहल्ल्यातल्या पोरींचा क्लास घेऊन राहिली मी. बघशील तर बरं वाटेल.’ मी ठरवलं, जायचं आणि सांगून टाकायचं. यात शौर्य नव्हतं. सर होते तोवर माझी जीभ उचलली नाही. आता ते गेले, दुबेजी गेले, माझी नोकरी पक्की झाली, आणि खरं बोलून माझं काहीच बिघडणार नव्हतं.

घमापुरात रिक्षा गल्लीच्या तोंडाशीच थांबते. पुढं चालत. भाजीच्या गाड्या, शिलाई मशीनची खडखड, दुपारच्या उन्हात वाळत टाकलेले पापड. जिना चढून वर गेले तर ती दारातच उभी.

‘काहून आली एवढ्या उन्हात. संध्याकाळी आली असती,’ म्हणत तिनं मला कूलरसमोर बसवलं. सतरंजीवर सहा-सात पोरी. ‘ह्या अनघा मॅडम. माझ्यासोबत शिकल्या. आता परीक्षा घेतात सगळीकडे. नमस्कार करा.’ पोरींनी केला. ‘थांब, तुला ऐकवते. चलो, घाट तपे घ्या.’

मला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. पोरींनी मांडीवर हात धरले. घाट तपे, रेत तपे, आणि ‘नाव’. सहा-सात तळहात एकदम खाली आले, समेवर, फटकन. माझ्या पेन्सिलीनं सरकवलेली नाव. मी लिहिलेली. पुन्हा गायल्या, पुन्हा फटकन. वैशाली समाधानानं ताल धरून होती.

ती पाणी आणायला आत गेली तशी मी मागोमाग स्वयंपाकघरात गेले.

‘वैशाली, ही तुझी बंदिश नाही. तू समेवर काही ठेवलं नव्हतंस. ते मी बदललं. लिहिताना.’

ती माठातून ग्लास भरत होती. ‘हो नं,’ ती म्हणाली. ‘परीक्षेतच तर समजलं मला. तू सुधारून लिहिलं होतं.’

‘सुधारून नाही. बिघडवून. मुद्दाम. मला पहिलं यायचं होतं.’

ती हसली. ‘तू पण नं. सगळं आपल्या अंगावर घेते. अगं, मला तेव्हा काही येत होतं का? सम रिकामी ठेवते म्हणे. चांगलं असतं तर सर नसते बोलले? तिथंच बसले होते, एक शब्द नाही काढला. म्हणजे चुकलंच होतं.’ तिनं ग्लासाचा तळ पदरानं पुसला. ‘बस, एक वाटते. आधी सांगायचं होतं मला. रातभर बसून पाठ केलं असतं मी.’

माझ्याकडं दुसरं काही नव्हतं, म्हणून मी गायले. ओट्याला धरून, जमेल तेवढ्या सुरात, तिची बंदिश, तिनं तिलवाऱ्याला गायली होती तशी. तिचा हात ओट्यावर आपोआप ताल देऊ लागला. सम आली, हात खाली आला, आणि त्या उघड्या मात्रेवर तिची बोटं तशीच राहिली. तिचे डोळे माझ्यावरून निघून कुठंतरी मागं गेले. मग ‘नाव न आई’ झालं आणि तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

‘हळू,’ ती म्हणाली. ‘पोरी ऐकतील. कानात बसून गेलं तर निघत नाही मग.’

बाहेर आल्यावर तिनं एका पोरीला पुढं बसवलं. आठ-नऊ वर्षांची असेल, पुढचे दात नवे. ‘सगळ्यांसोबत बरोबर घेते, एकटी गायली की रोज इथं चुकून राहिली. माझं नाही ऐकत. तू सांग, तू परीक्षक आहे.’

पोरगी गायली. घाट तपे, रेत तपे. समेवर तिनं तोंड मिटलं आणि नुसता श्वास घेतला, भरपूर, घाई न करता. मग ‘नाव’ म्हणाली. गाऊन झाल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. वैशालीनंही पाहिलं.

‘एक मात्रा उशीर होतो, बाळा,’ मी म्हटलं. ‘नाव समेवर घे.’

तिनं मान हलवली आणि दुसऱ्या वेळेला बरोबर घेतलं.